शांततेवर गावाचं पोट भरतं का?

बेल्जियमच्या पश्चिम टोकाला ईपर नावाचं जेमतेम पस्तीस हजार वस्तीचं शहर आहे. तिथे रोज संध्याकाळी आठच्या थोडं आधी पोलीस मेनिन गेटखालचा रस्ता बंद करतात. गेट कसलं, दगडी बोगदाच तो. आतल्या भिंती वरपासून खालपर्यंत पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या नावांनी भरलेल्या. आठच्या ठोक्याला बिगुलवाले रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहतात आणि ‘लास्ट पोस्ट’ ही धून वाजवतात. कुणीतरी खसखशीच्या लाल फुलांचं चक्र वाहतं. थोड्या वेळात सगळं आटोपतं, रस्ता मोकळा होतो आणि जमलेली माणसं चौकातल्या खानावळींकडे वळतात. तिकीट नाही, पावती नाही.

खानावळींकडे वळणाऱ्या या पावलांवरूनच खरा वाद आहे. शांततेसाठी झटणाऱ्यांना त्यात बाजार दिसतो, नगरपालिकांना उत्पन्नाचा नवा झरा दिसतो. दोघांच्याही मनात काही पक्के समज आहेत.

गैरसमज: युद्धविरोधाचं नाव काढलं की पर्यटक पाठ फिरवतात.

ही भीती हवेतून आलेली नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं नेल्सन हे दहा-अकरा हजार वस्तीचं डोंगराळ गाव. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सक्तीची लष्करभरती नाकारून जे हजारो अमेरिकन तरुण सीमा ओलांडून आले, त्यांच्यातले बरेच नेल्सनच्या आसपासच्या कूटनी भागात स्थिरावले. २००४ मध्ये काही कार्यकर्त्यांनी जाहीर केलं की या तरुणांच्या आणि त्यांना आसरा देणाऱ्यांच्या सन्मानार्थ एक कांस्यशिल्प उभारायचं आणि मोठं संमेलन भरवायचं. बातमी अमेरिकन वाहिन्यांवर गेली आणि काहूर माजलं. तिथल्या माजी सैनिकांच्या संघटनेनं निषेध केला, गावावर बहिष्काराच्या धमक्यांची पत्रं आली. अमेरिकेची सीमा गाडीनं तासाभरावर. गिऱ्हाईक तिकडचंच. नगरपालिका आणि व्यापारी मंडळींनी हात झटकले. संमेलन अखेर २००६ च्या जुलैमध्ये झालं, पण चाळीसेक किलोमीटरवरच्या कॅसलगार गावी.

वस्तुस्थिती अशी की नेल्सन त्यामुळे ओसही पडलं नाही आणि भरभराटलंही नाही. गावाच्या पर्यटनाची मुळं वेगळ्याच मातीत आहेत. १९८० च्या दशकात लाकडाची गिरणी बंद पडली, पाठोपाठ १९८४ मध्ये विद्यापीठाचं केंद्रही बंद झालं. तेव्हा गावकऱ्यांनी बेकर स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतींचे दर्शनी भाग खरवडून मूळ रूपात आणले. १९८७ चा ‘रॉक्सॅन’ हा चित्रपट तिथेच चित्रित झाला. शिवाय हिवाळ्यात स्कीइंग आणि उशाला तळं. अशा गावाला एका पुतळ्यानं फारसं काही मिळणार नव्हतं आणि फारसं काही गमवावंही लागणार नव्हतं. दोन्ही बाजूंनी पुतळ्याच्या अंगात नसलेली ताकद त्याला चिकटवली.

गंमत म्हणजे ज्या परिसराला शांततावाद झेपणार नाही असं वाटलं, तो वसवण्यात शांततावाद्यांचाच मोठा वाटा. रशियातल्या दुखोबोर पंथानं १८९५ मध्ये आपली सगळी शस्त्रं पेटवून दिली. छळ झाला, तेव्हा टॉल्स्टॉयनं आपल्या ‘रिसरेक्शन’ कादंबरीचं उत्पन्न त्यांच्या प्रवासासाठी दिलं आणि १८९९ मध्ये सात हजारांहून अधिक लोक कॅनडात उतरले. त्यांच्यातले अनेक १९०८ पासून कूटनी भागात आले. कॅसलगारला त्यांचं संग्रहालय आहे, तिथे पर्यटक निमूटपणे जातात आणि कुणी बहिष्काराची पत्रं लिहीत नाही. शंभर वर्षं जुना नकार पचतो. कालचा नकार, ज्याचे विरोधक अजून हयात आहेत, तो पचायला वेळ लागतो.

गैरसमज: स्मारक बांधलं की माणसं येतात.

इथे ईपरकडे परत जायला हवं, कारण हा समज सगळ्यात महागात पडतो.

पहिल्या महायुद्धात ईपर अक्षरशः भुईसपाट झालं. २२ एप्रिल १९१५ रोजी याच शहराजवळ जर्मन सैन्यानं क्लोरीन वायूचा पहिला मोठा हल्ला केला. युद्धानंतर चर्चिल म्हणाले, हे अवशेष आहेत तसेच पवित्र स्मारक म्हणून राखावेत. ईपरच्या लोकांना मात्र डोक्यावर छप्पर हवं होतं. त्यांनी तेराव्या शतकातली कापडबाजाराची भव्य इमारतसुद्धा दगडावर दगड रचून पुन्हा उभी केली. ते काम १९६७ मध्ये पुरं झालं.

मेनिन गेट १९२७ मध्ये बांधून झालं. ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा चोपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. जागा संपली म्हणून आणखी सुमारे पस्तीस हजार नावं पासेनडालजवळच्या टाईन कॉट दफनभूमीच्या भिंतीवर कोरावी लागली. गेटवर भारतीय सैनिकांचीही नावं आहेत. लाहोर डिव्हिजन एप्रिल १९१५ मध्ये इथे लढली होती. खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या याच डिव्हिजनबरोबर युरोपात आल्या होत्या.

पण नुसतं गेट पाहायला किती माणसं थांबली असती? अर्धा तास बघून बस ब्रुजला परत. ‘लास्ट पोस्ट’ ही कल्पना निघाली ती शहरातल्याच एका पोलीस अधीक्षकाच्या डोक्यातून. १९२८ मध्ये सुरुवात झाली, काही महिन्यांनी खंड पडला आणि १९२९ पासून रोजचा नेम लागला. बिगुल वाजवणारे स्वयंसेवक परंपरेनं अग्निशमन दलातले. २० मे १९४० रोजी जर्मन आक्रमणामुळे बिगुल थांबला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश सैन्यानं शहर सोडवलं, त्याच संध्याकाळी तो पुन्हा वाजला. ९ जुलै २०१५ रोजी तीस हजारावा सोहळा झाला.

आता हिशेब बघा. बिगुल आठला वाजतो. जो आठपर्यंत थांबतो तो जेवतो, आणि जेवून निघायला उशीर झाला की बरेचदा मुक्कामच करतो. छोट्या शहराला पैसा मुक्कामातून मिळतो, फेरफटक्यातून नाही. कुणी हे ठरवून केलेलं नाही, म्हणून तर ते चाललं. गिऱ्हाईक थांबावं म्हणून रोज संध्याकाळी बिगुल वाजवायचं ठरवलं असतं, तर दुसऱ्या वर्षीच हिवाळ्यात कंटाळून बंद पडलं असतं. कोरोनाच्या टाळेबंदीत गेटखाली प्रेक्षक नव्हते, हॉटेलं बंद होती, तरी एक बिगुलवाला येऊन वाजवून जात होता.

गैरसमज: युद्धाची आठवण आणि शांततेची चळवळ एकच.

एकच नाहीत, आणि पैशाच्या दृष्टीनं तर मुळीच नाहीत. ईपरला येणारे ब्रिटिश लोक बहुतेक करून पणजोबांचं नाव शोधायला येतात, शाळांच्या सहली इतिहासाच्या धड्यासाठी येतात. युद्धभूमी बघायला जाणं तसं जुनंच आहे. मिशलिन कंपनीनं युद्ध चालू असतानाच, १९१७ पासून, रणभूमीच्या मार्गदर्शिका छापायला सुरुवात केली होती. १९२८ मध्ये ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेची सुमारे अकरा हजार माणसं एकाच यात्रेत आली.

शांततेचा सूर शहरानं पुढे जाणीवपूर्वक लावला. कापडबाजारात आधी तोफा, टोप्या, गणवेश मांडलेलं जुन्या पद्धतीचं संग्रहालय होतं. १९९८ मध्ये त्याच्या जागी ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ संग्रहालय आलं, ज्यात सेनापतींपेक्षा सामान्य माणसं पुढे आहेत. हिरोशिमाच्या पुढाकारानं १९८२ मध्ये सुरू झालेल्या ‘मेयर्स फॉर पीस’ या महापौरांच्या संघटनेत ईपर आघाडीवर आहे. माणसं कबरींसाठी येतात, आणि आल्यावर त्यांना काय दाखवायचं हे शहर ठरवतं.

त्यातही धोका आहे. जवळच डिक्समाऊदेला आयझर नदीकाठी एक मनोरा आहे. १९२० मध्ये फ्लेमिश सैनिकांच्या स्मरणार्थ सुरू झालेली यात्रा पुढे तिथे भरू लागली. ‘पुन्हा युद्ध नको’ ही तिची घोषणा, आणि जोडीला फ्लेमिश स्वायत्ततेची मागणी. जुना मनोरा १९४६ मध्ये स्फोटानं पाडला गेला, आजचा ८४ मीटरचा १९६५ मध्ये पुरा झाला. पुढच्या काळात या यात्रेच्या निमित्तानं युरोपभरचे नवनाझी तिथे जमू लागले. शांततेची पाटी लावली म्हणून येणारा प्रत्येक जण शांततेसाठी येतो असं धरून चालू नये.

गैरसमज: जगप्रसिद्ध नाव असलं की पुरे.

स्पेनच्या बास्क प्रांतातलं गेर्निका घ्या. २६ एप्रिल १९३७, सोमवार, बाजाराचा दिवस, आणि आकाशातून बॉम्ब. पिकासोच्या चित्रानं हे नाव जगात पोचवलं. पण चित्र माद्रिदच्या रेना सोफिया संग्रहालयात आहे. गावात त्याची फरशांवरची प्रतिकृती आहे आणि एक शांतता संग्रहालय आहे. नाव गेर्निकाचं, रांग माद्रिदला. हिरोशिमा तर दहा लाखांवर वस्तीचं महानगर, पण तिथेही दुखणं हेच: पर्यटक सकाळी बुलेट ट्रेननं येतात, संग्रहालय बघतात, मियाजिमा बेटावर जातात आणि रात्री ओसाका-क्योटोत झोपतात.

गैरसमज: एकदा ओघ लागला की लागला.

२०१४ ते २०१८ या शताब्दीच्या वर्षांत ईपरमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ती संपताच ओघ ओसरला. २०२३ मध्ये मेनिन गेट आणि टाईन कॉटसह पश्चिम आघाडीवरच्या १३९ स्मृतिस्थळांना युनेस्कोची मान्यता मिळाली, त्याचा काही हातभार लागेल. शहाणपण म्हणून ईपरनं सगळी अंडी एका टोपलीत ठेवलेली नाहीत. मध्ययुगापासून तिथे मनोऱ्यावरून जिवंत मांजरं खाली फेकत. १८१७ नंतर ते थांबलं. आता दर तीन वर्षांनी मांजरांची मिरवणूक निघते आणि कापडी मांजरं फेकली जातात. त्या दिवशी महायुद्धाचं नावही कुणी काढत नाही.

तेव्हा एखाद्या छोट्या गावाच्या कारभाऱ्यांनी ‘शांतता पर्यटन’ असं शीर्षक लिहून प्रकल्प अहवाल मागवला, तर माझं मत विरोधात पडेल. गावात खरंच काही घडलेलं असेल आणि त्याची आठवण गावकरी स्वतःहून, फुकट, पावसापाण्यात जपत असतील, तर खानावळींचा धंदा आपोआप वाढेल. तसं काही नसेल, तर त्या पैशातून बेकर स्ट्रीटसारखे जुने वाडे दुरुस्त करावेत.

आणि तुम्ही कधी ईपरला गेलात तर साडेसातलाच गेटखाली जागा धरा, भिंतीवरची भारतीय नावं शोधा, आणि बिगुल थांबल्यावर टाळ्या वाजवू नका. तिथे तशी पद्धत नाही.