कणसातली अळी आणि बियाण्यातली ताकद



पावसाची सर आली की आमच्या सारसोळ्याला मक्याची कणसं भाजणाऱ्या बायका शेगड्या मांडतात. परवा एकीने माझ्यासाठी कणीस सोललं, तर शेंड्याला दाण्यांचा भुगा आणि आत जाडजूड अळी. तिने ते बाजूला टाकलं, दुसरं घेतलं. म्हणाली, "ताई, हल्ली पोत्यात अशी चार-पाच निघतातच. तो तोटा माझाच." तिचा तोटा चार कणसांचा. पण ते कणीस ज्या शेतातून आलं, तिथल्या बाईचा किती?

माझं माहेर सोलापूरकडचं. २०१८ साली तिकडे मक्यावर एक नवी अळी दिसली. पानांना मोठाली भोकं, पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा. तीच ही लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातली. २०१६ ला आफ्रिकेत आली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याजवळ सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पोचली. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो आणि एक मादी हजाराच्या वर अंडी घालते. अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं काढल्यासारखी खूण आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके दिसले, की तीच समजा.

त्या वर्षी भावाने तीनदा फवारणी केली. पाणी वाहिलं वहिनीने. दोन दिवस तिचे डोळे चुरचुरत होते, डोकं गरगरत होतं. तरी अळी पोंग्यात खोल बसलेली, तिच्यापर्यंत औषध पोचलंच नाही. फवारणीचं विष किती महाग पडतं, हे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने पाहिलं आहे. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन तिथे वीसच्या आसपास माणसं गेली. म्हणून आजचा प्रश्न असा, की अळीला तोंड देण्याची ताकद बियाण्यातच आणता येईल का?

येते, पण थोडी थोडी. झाड किडीला तीन प्रकारे तोंड देतं. पहिला प्रकार नावडीचा. पान जाड, राठ असेल तर अळीला चावणं जड जातं. कणसावरची सालं घट्ट असतील तर आत शिरणं कठीण होतं. दुसरा प्रकार अपचनाचा. अळी खाते, पण तिला ते मानवत नाही. कणसाच्या केसांत मेसिन नावाचं द्रव्य असतं. ते ज्या वाणात भरपूर, त्याचे केस खाऊन अमेरिकेतल्या कणीसअळीची वाढ खुंटते. तिसरा प्रकार सोशिकतेचा. अळीने पानं खाल्ली तरी झाड पुन्हा फुटतं आणि कणीस भरतं. सोशिकता काय असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

असा वाण तयार कसा करतात? शेकडो प्रकारचा मका जाळीच्या घरात लावतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, नुकत्या जन्मलेल्या अळ्या बारीक कुंचल्याने मोजून प्रत्येक पोंग्यात सोडतात. सगळ्यांना सारखा त्रास, म्हणजे परीक्षा सारखी. मग पानांना एक ते नऊ गुण देतात. एक म्हणजे पान जवळजवळ शाबूत, नऊ म्हणजे पार चाळण. कमी गुणांची झाडं निवडून त्यांचा तुरा आणि कणीस पिशवीने झाकतात, म्हणजे बाहेरचे परागकण येत नाहीत. मग भरपूर पिकणाऱ्या वाणाशी त्यांचा संकर करतात. त्यातून आलेल्या रोपांची पुन्हा परीक्षा, पुन्हा निवड. शेवटी वेगवेगळ्या गावांच्या मातीत दोन-तीन हंगाम चाचणी. यात सात-आठ वर्षं सहज जातात. ही ताकद एका गुणसूत्राच्या एका जागी नसते, अनेक ठिकाणी थोडी थोडी विखुरलेली असते. म्हणून उशीर लागतो.

मेक्सिकोतल्या सिमिट या संस्थेने केनियात हेच केलं आणि २०२० च्या अखेरीस लष्करी अळीला बऱ्यापैकी तोंड देणारे तीन संकरित वाण जाहीर केले. अशा कामाला पाया मिळाला तो कॅरिबियन बेटांवरच्या जुन्या, गावठी मक्याचा. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं बी होतं, म्हणून ते हाती लागलं. आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली, त्यामागचं मोल हेच आहे. आपल्या देशात मक्याचं मोठं संशोधन लुधियानाच्या मका संशोधन संस्थेत चालतं आणि महाराष्ट्रात राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं मक्याचं केंद्र कोल्हापूरला आहे.

कुणी विचारेल, बीटी कपाशीसारखा बीटी मका का नाही? भारतात त्याच्या लागवडीला परवानगी नाही. शिवाय कपाशीचा अनुभव आठवा. एकाच हत्यारावर विसंबलो, तेव्हा गुलाबी बोंडअळीने ते पचवलं आणि २०१७ ला बोंडं पोखरली. म्हणून बियाण्याची ताकद ही एक बाजू. तिला हाताच्या कामाची जोड हवीच.

ते काम बचतगटाला जमण्यासारखं आहे. गावाने मका एकाच आठवड्यात पेरावा, म्हणजे अळीला पुढचं कोवळं शेत तयार मिळत नाही. आठवड्यातून दोनदा वीस-वीस झाडांचे पोंगे पाहावेत. पानावरचे अंड्यांचे पुंजके दिसतील ते चुरडून टाकावेत. अळी लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाच किलो निंबोळीच्या गराला शंभर लिटर पाणी, हे प्रमाण लक्षात ठेवा.

आणि एक प्रयोग करा. दुकानात मिळणाऱ्या दोन-तीन वाणांच्या चार-चार ओळी शेजारी शेजारी लावा. कोणत्या ओळीत किती झाडं खाल्ली गेली ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी बी घेताना ती वही उपयोगी पडेल.

घरचं बी ठेवणाऱ्यांनी एवढं पाहावं. संकरित मक्याचं बी पुन्हा पेरू नये, उत्पन्न घटतं. सुधारित किंवा गावठी वाण असेल, तर आजूबाजूची झाडं खाल्ली गेली असताना जे झाड टिकलं त्याला पीक उभं असतानाच चिंधी बांधा. बी एकाच झाडाचं नको, पन्नास-शंभर चांगल्या झाडांचं एकत्र करा, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत मका खुजा होतो. शेजारच्या शेताचे पराग वाऱ्याने येतात, म्हणून बी शेताच्या मधल्या भागातलं घ्या.

खळ्यावर कणसांच्या ढिगातून मोठं कणीस उचलायची आपली सवय आहे. पण ते कोणत्या झाडाचं, त्याने काय सोसलं, हे खळ्यावर कळत नाही. निवड उभ्या पिकात करायची. निंदणीला वाकलेल्या बाईइतकं प्रत्येक झाड जवळून कोण पाहतं? यंदा पदराला दोन-चार चिंध्या बांधून शेतात जा.

भेटू पुढच्या वेळी.