चुंबकाला न लागणारी नाणी

जबलपूरच्या ग्वारीघाटावर नर्मदेत सोडलेलं नाणं फार दिवस पाण्यात राहत नाही. जुन्या स्पीकरमधलं गोल चुंबक दोरीला बांधायचं, तळाशी सोडायचं आणि हळूहळू ओढत आणायचं, एवढ्या भांडवलावर नाणी वेचणारी पोरं देशातल्या बहुतेक मोठ्या घाटांवर असतात. चुंबक वर येतं तेव्हा त्याला काळ्या रेतीची दाढी फुटलेली असते आणि त्या दाढीत एक-दोन रुपये अडकलेले असतात. ही काळी रेती म्हणजे मॅग्नेटाइट, वरच्या अंगाला मंडल्याकडच्या बेसॉल्ट खडकातून झिजून आलेलं.

नाणी निवडण्यात मात्र चुंबक भलतंच चोखंदळ आहे. 1992 पासूनचा रुपया पोलादी, म्हणून तो चटकन चिकटतो. त्याआधीचा, 1975 पासूनचा रुपया तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचा. त्यात चौथा हिस्सा निकेल असूनही तो चिकटत नाही, कारण एवढ्या तांब्यात मिसळल्यावर निकेलचा चुंबकीय गुण उरत नाही. राणीछाप रुपयात 91.7 टक्के चांदी, वजन 11.66 ग्रॅम. चुंबक त्याच्या अंगावरून जाईल, तरी तो जागचा हलायचा नाही. गंमत आहे ती 1947 च्या रुपयाची. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला वाघ आणि धातू शुद्ध निकेल. महायुद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी परत करायची होती, म्हणून नाण्यांतली चांदी गेली आणि निकेल आलं. निकेल चुंबकाला लागतं. तेव्हा इंग्रजी अमदानीतल्या रुपयांपैकी पोरांच्या हाती लागलाच तर हा वाघ लागेल.

बाकीची नाणी खाली जातात. वाळूच्या कणाची घनता 2.65, चांदीची 10.5, सोन्याची 19.3. शिवाय नाणं चपटं, तळाशी आडवं पडलं की प्रवाहाला धरायला त्याची कडच सापडत नाही. पावसाळ्यात बरगी धरणाच्या 21 दरवाजांपैकी काही उघडले की ग्वारीघाटाच्या पायऱ्या बुडतात आणि तळाची वाळू चालू लागते. नाण्याच्या आजूबाजूची वाळू निघून जाते, त्याच्याखाली खळगा पडतो आणि नाणं त्यात उतरतं. पूर ओसरताना वर नवी वाळू बसते. पुढच्या मोठ्या पुरात पुन्हा तेच. असं करत नाणं गोट्यांच्या थराशी किंवा खडकाच्या भेगेशी जाऊन थांबतं. त्यामुळे पुराच्या टप्प्यातल्या वाळूत नाण्याची खोली पाहून त्याचं वय सांगता येत नाही. तिथे कालचा जड ऐवज परवाच्या हलक्याखाली जाऊ शकतो.

समुद्रावर हेच काम वादळ करतं. शांत दिवसांतल्या लांब, सपाट लाटा वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात. वादळी वाऱ्याच्या उंच, एकामागून एक आदळणाऱ्या लाटा तीच वाळू ओढून आत नेतात. कोकणात हा खेळ दर पावसाळ्यात चालतो. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि वादळ एकत्र आलं की किनारा उभा कापला जातो. परदेशातले धातूशोधक हवामानाच्या अंदाजावर डोळा ठेवून असतात ते यासाठीच. 1715 साली फ्लोरिडाजवळ चक्रीवादळात स्पॅनिश खजिन्याचा ताफा बुडाला. त्यातली नाणी आजही मोठ्या वादळांनंतर तिथल्या वाळूत सापडतात.

वादळाची वाट बघावी लागते, कारण धातू शोधणाऱ्या यंत्राची नजर तोकडी असते. त्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारी वीज वाहते. तिच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या नाण्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र यंत्राला ऐकू येतं. धातू लोखंडासारखा चुंबकीय असण्याची गरज नसते, वीज वाहून नेणारा असला की पुरे. म्हणूनच घाटावरच्या चुंबकाने नाकारलेली चांदी इथे ठणठणीत आवाज देते. पण अंतर वाढलं की हा आवाज झपाट्याने मरतो. एका नाण्यासाठी वीतभर खोली म्हणजे यंत्राची बऱ्यापैकी कामगिरी. त्यात ओली खारी वाळू स्वतःच वीज वाहून नेते आणि काळी रेती वेगळाच गोंधळ घालते. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या काळ्या पुळणीवर साधं यंत्र बिचारं बडबडत सुटेल.

आता जबलपूरकरांच्या मनातला प्रश्न: कलचुरी राजांचं सोनं? शहराजवळचं तेवर म्हणजे त्यांची राजधानी त्रिपुरी. अकराव्या शतकातल्या गांगेयदेवाच्या सोन्याच्या नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला बसलेली चतुर्भुज लक्ष्मी. ही लक्ष्मी उत्तरेतल्या पुढच्या राजघराण्यांनीही उचलली. त्याआधीच्या एका कलचुरी घराण्यातल्या, सहाव्या शतकातल्या कृष्णराजाची तांब्याची किरकोळ नाणी मुंबईजवळ घारापुरीला सापडली आणि तिथल्या लेण्यांचा काळ ठरवायला उपयोगी पडली. कलचुरींचे लेख संपादित करणारे नागपूरचे वा. वि. मिराशी आणि सागर विद्यापीठातर्फे 1952 च्या सुमारास त्रिपुरी उकरणारे मो. गं. दीक्षित, दोघेही मराठी संशोधक.

दीक्षितांच्या खणतीत नाणं मिळालं की त्याच्यासोबत थर मिळायचा, त्या थरातली खापरं मिळायची. तेवरच्या टेकाडावर यंत्र फिरवून, खुरप्याने खड्डा करून काढलेल्या नाण्याला यातलं काही उरत नाही. नदीने आधीच घुसळलेल्या वाळूतलं नाणं आणि टेकाडातलं नाणं यांना एकाच मापाने मोजणं मला तरी पटत नाही. पहिल्याचा संदर्भ पाण्याने पूर्वीच पुसलेला असतो, दुसऱ्याचा आपण पुसतो.

कायदा मात्र जुना आणि रोखठोक आहे. 1878 चा निखात निधी अधिनियम म्हणतो, जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून अधिक मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे 116 ग्रॅमहून जास्त वजनाची नाणी, जवळजवळ सगळी चांदी. रक्कम आकड्यात लिहिली गेल्यामुळे आज राणीछाप एक रुपया सापडला तरी त्याची एकट्याची किंमत ती मर्यादा केव्हाच ओलांडून जाते.