मुलांना जंगल वाचायला शिकवा : चंद्रपूर-गडचिरोलीत 'पर्यावरण' हा फक्त मार्कांचा विषय नाही

सुप्रीम कोर्टाने 1991 साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निकाल देताना पर्यावरण हा विषय सगळ्या मुलांना शिकवला पाहिजे असे सांगितले. आज तो शाळेत आहे. पण बहुतेक घरांत त्याचे काय होते, हे पालकांना ठाऊक आहे. प्रोजेक्टची वही, दुकानातून आणलेला चार्ट, आदल्या रात्री मोबाईलवरून उतरवलेली माहिती, वर्षअखेरीस मार्क. वहीत वीस झाडांची नावे लिहिणाऱ्या मुलाला घरासमोरचे झाड कोणते ते विचारा, तो गप्प बसतो.

इतर ठिकाणी हे एकवेळ चालून जाईल. चंद्रपूर आणि गडचिरोलीत चालणार नाही. कारण इथे जंगल कळणे म्हणजे जीव वाचवणे आणि पोट भरणे, दोन्ही आहे.

जिवाचा धडा

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता, हा इथल्या हजारो कुटुंबांचा हंगाम. नेमक्या याच दिवसांत वाघ आणि माणूस समोरासमोर येतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला.

वनविभाग दरवर्षी सूचना देतो : एकटे जाऊ नका, उजाडल्यावर जा, अंधार पडायच्या आत परत या. सूचना ऐकून माणूस विसरतो, स्वतः करून पाहिलेले विसरत नाही. शाळेच्या मैदानावर हा प्रयोग करा. एक मूल उभे राहील, दुसरे पाने तोडतो तसे वाकून बसेल. बाकीच्यांनी लांबून, झुडपाच्या आडून, जमिनीलगत डोळे ठेवून बघायचे. वाकलेला माणूस चार पायांच्या जनावरासारखा दिसतो, हे त्यांना लगेच कळेल. गटात एकाने उभे राहून लक्ष का ठेवायचे, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ते मूल घरी जाऊन आईला सांगेल, हा आणखी फायदा.

पायांच्या ठशांचेही तसेच. वाघ-बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून ठशात सहसा नखे उमटत नाहीत. कुत्र्याच्या ठशात उमटतात. ओल्या मातीत घरच्या मांजराचा आणि गल्लीतल्या कुत्र्याचा ठसा शेजारी शेजारी घेतला की दहा मिनिटांत हा फरक पाठ होतो.

पोटाचा धडा

मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. ती आग पुढे सरकली की जंगल पेटते, नवी रोपे जळतात. मुलांना एका झाडाखाली झाडू मारायला लावा, दुसऱ्याखाली जुनी साडी किंवा जाळी अंथरायला लावा. सकाळी फुले गोळा करून बघितली की आग न लावताही काम होते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

अशा शिकण्यातून एक गाव कुठवर जाऊ शकते, याचे उदाहरण गडचिरोलीतच आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड आदिवासी गाव. देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गावाने 'अभ्यास गट' सुरू केले. जंगल, पाणी, कायदा, एकेक विषय घेऊन लोक बसत, माहिती गोळा करत, चर्चा करत आणि मग ग्रामसभेत सर्वांच्या सहमतीने निर्णय घेत. मधमाश्यांना न मारता मध कसा काढायचा, हाही त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाला आपले जंगल आधीच माहीत होते. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर मेंढ्याला सामूहिक वनहक्क मिळाला. देशात सर्वात आधी असा हक्क मिळालेल्या गावांत त्याचे नाव आहे. एप्रिल 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. गावकरी काही मोठ्या डिग्र्या घेऊन आले नव्हते. त्यांचा अभ्यास त्यांच्याच शिवारातला होता, म्हणून तो कामाला आला.

शहरातल्या मुलांचे काय?

आपली बरीच कुटुंबे चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, देसाईगंजसारख्या गावांत राहतात. 'आम्हाला जंगलाशी काय करायचे?' असे वाटू शकते. पण आपण पितो ते पाणी आणि ज्या उन्हाळ्यात आपण भाजून निघतो तो उन्हाळा, दोन्हींचा संबंध याच जंगलाशी आहे.

देशातले सर्वात मोठे पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली मुंबईच्या मुस्लिम कुटुंबात वाढले. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, असे त्यांनी मामांना विचारले. मामांनी त्यांना गप्प बसवले नाही. चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड नावाच्या साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले. मुलाच्या एका प्रश्नाला मोठ्यांनी वेळ दिला, त्यातून पुढचा इतिहास घडला.

आपण काय करू शकतो

ताडोबाच्या बफर भागातल्या गावांमधल्या विद्यार्थ्यांना 'चला माझ्या ताडोबाला' या उपक्रमात जंगल दाखवले जाते. आपल्या शाळेने, मग ती मराठी असो की उर्दू, वनविभागाशी बोलायला काय हरकत आहे? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची तरतूद आहे. त्यातले दोन दिवस जंगलासाठी मागा.

सफारीचा खर्च झेपत नसेल तर घराजवळही पुष्कळ काही आहे :

- दोरीने एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा. आत किती प्रकारची रोपे, किडे आहेत ते मोजा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा.
- बरणीत माती आणि पाणी घालून हलवा, रात्रभर ठेवा. खाली वाळू, वर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर दिसतील.
- मोहल्ल्यातल्या झाडांची यादी करा. नावे दादी-नानीला विचारा, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतात.
- मुलींनाही सोबत न्या. जंगलात पाने तोडायला बायाच जास्त जातात, मग शिकायला फक्त मुलेच का?

जंगलात जाताना वनविभागाची परवानगी आणि जाणता माणूस सोबत हवाच. एवढी काळजी घेतली की पुढच्या सुट्टीचा एक रविवार मॉलऐवजी मुलांना बाहेर, मातीत न्या. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर येत नसले तरी चालेल. त्यांच्यासोबत बसून शोधा.