दार लावलेली खोली आणि भरलेले मंदिर

आपल्या घरात देवघर असते आणि गावात देऊळ. पहाटेची पूजा एकट्याने करावी आणि एकादशीचे कीर्तन चारचौघांत बसून ऐकावे, यात आपल्याला कधी विसंगती वाटत नाही. ख्रिस्ती माणसाच्या धर्मजीवनात हा मेळ कसा घातला जातो, याचा विचार नाताळच्या या पवित्र दिवसांत करावा, असे आम्हांस वाटले. आणि त्यासाठी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या चरित्राइतके जवळचे उदाहरण मराठी वाचकाला क्वचितच सापडेल.

शुभवर्तमानात येशूने शिष्यांना सांगितले आहे की, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जावे, दार लावावे आणि गुप्तपणे करावी. परंतु त्याच प्रसंगी त्याने जी प्रार्थना शिकवली, तिचे संबोधन 'माझ्या' पित्याला नसून 'आमच्या' पित्याला आहे. दार लावून एकटाच बसलेला भक्तही तेथे बहुवचनात बोलतो. रोजची भाकर मागतो तीही सर्वांसाठी. खोलीत मागितलेली ही भाकर मग मंडळीत, प्रभुभोजनाच्या विधीत, सर्वांनी मिळून मोडायची असते. एकांत आणि मंडळी यांची गाठ ख्रिस्ती धर्मात अशी मुळातच बांधलेली आहे. ती निभावणे मात्र सोपे नाही.

टिळकांना 'नवा करार' मिळाला तो नागपूरहून राजनांदगावला जाताना, आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय प्रवाशाकडून. त्यानंतरचे वाचन, चिंतन, तळमळ हे सारे त्यांचे एकट्याचे होते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अंतःकरणात घडलेल्या गोष्टीची किंमत साऱ्या घराला मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह नातेवाईकांच्या आश्रयाने राहिल्या. ज्या धर्मात देवाला 'आमचा' म्हणायचे, त्या धर्मात शिरताना टिळकांचे स्वतःचे 'आम्ही' दुभंगले होते.

लक्ष्मीबाईंचा मार्ग त्याहून अवघड होता, असे आमचे मत आहे. टिळक ग्रंथाच्या आणि चिंतनाच्या वाटेने गेले. या सोवळ्यात वाढलेल्या बाईंना प्रथम पाण्याचा आणि पंक्तीचा प्रश्न सोडवावा लागला. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाशेजारी बसून जेवावे, याचा निवाडा ग्रंथात होत नाही, तो चुलीपाशी होतो. मनातून जातिभेद गळून पडला तो कसा, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त विलक्षण प्रांजळपणे सांगितले आहे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागे पत्नी गेली, एवढ्यावर या घटनेची बोळवण करणे अन्यायाचे होईल.

मंडळीत आल्यावर टिळकांना दुसरी उणीव जाणवू लागली. मराठी ख्रिस्ती उपासनेत तेव्हा परकी चाल आणि भाषांतरित पदे यांचा भरणा होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे सांगणाऱ्या या कवीचे मन तेथे कसे रमावे? त्यांनी अभंग रचले, भजने रचली, कीर्तन हाती घेतले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले. (ते अपुरे राहिले, पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.) आणि १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, या दरबारात जागा होती. एकट्याच्या श्रद्धेपायी घर आणि समाज तुटण्याचे दुःख ज्याने स्वतः सोसले, त्यालाच असे मोठे अंगण घालावेसे वाटले, यात आम्हांस नवल वाटत नाही. ख्रिस्ती मंडळींतील अनेकांना ही कल्पना पटली नाही. बाप्तिस्म्याचे बंधन नसेल तर मंडळी कशाच्या आधारावर टिकायची, हा त्यांचा प्रश्नही गैरवाजवी नव्हता. टिळकांना त्याचे उत्तर कृतीने देण्याइतका अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले, आणि त्यांच्या माघारी दरबारही फार काळ उभा राहिला नाही.

पदे मात्र राहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची पदे मोठ्या संख्येने आहेत. त्यांपैकी कित्येक अगदी एकांतातली आहेत: त्यांत 'मी' आहे, 'माझे' आहे, रात्रीच्या निजानीज झालेल्या घरात एकट्याने केलेली आर्जवे आहेत. पुस्तकाशिवाय ती म्हणणाऱ्या आजीबाई आणि ठेका धरणारी पोरे उपासनेत एकाच बाकावर बसतात. टिळकांचा तो 'मी' पेटीच्या साथीवर सारे मंदिर एका आवाजात म्हणते.