दोरीचे टोक

बुटाच्या नाडीच्या दोन्ही टोकांना धातूची किंवा प्लास्टिकची जी इवलीशी टोपी असते, तिला मराठीत रूढ असे नाव नाही. ती निघून पडली की नाडीचे टोक विसकटते, मग ते ओठांत धरून ओले करायचे, पिळून टोकदार करायचे आणि कसेबसे भोकातून ओवायचे, हा उद्योग आपण सर्वांनी शाळेत असताना केलेला आहे. इतक्या ओळखीच्या वस्तूला आपण फार तर ‘नाडीचे टोक’ म्हणतो. इंग्रजीत तिला अ‍ॅग्लेट म्हणतात. हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘लहानशी सुई’ असा आहे. अर्थ मोठा चपखल आहे, कारण ती टोपी म्हणजे नाडीला कायमची जोडलेली सुईच होय.

याउलट गुरांच्या दाव्याच्या टोकाला जी लाकडाची कांडी असते तिला मराठीत स्वतंत्र नाव आहे. ते नाव म्हणजे बिरडे. (वालाच्या बिरड्याशी त्याचा संबंध नाही. वसतिगृहातील मित्रांनी निराश होऊ नये!) एका टोकाला नाव आहे आणि दुसऱ्याला नाही, यात नवल वाटायचे कारण नाही. नाडीचा बूट आपल्याकडे उशिरा आला आणि तोही आधी मोजक्याच पायांत गेला. गोठा मात्र गावाइतकाच जुना. शिवाय बुटाची नाडी सुटली तर माणूस फार तर अडखळतो. दाव्याचे टोक चुकीचे बांधले तर जनावर प्राणास मुकते. हा दुसरा भाग मला विशेष सांगावयाचा आहे. पण त्याआधी मुळात टोकालाच काही तरी का करावे लागते, ते पाहू.

सुतळीचा एक तुकडा कापून हातात घ्या. मधला भाग घट्ट राहील, परंतु कापलेले टोक पाहता पाहता फुलू लागेल. दोरी वळताना तंतू एका दिशेने पिळून त्यांचा पदर करतात आणि असे दोन किंवा तीन पदर उलट दिशेने एकमेकांवर पिळतात. पदराचा पीळ उलगडू पाहतो; पण तो ज्या दिशेने उलगडतो त्याच दिशेने दोरीचा पीळ अधिक घट्ट होतो. म्हणजे दोघांची ओढ एकमेकांविरुद्ध असते आणि त्या ओढाताणीतच दोरीचे बळ असते. मध्यभागी हे भांडण कायम बरोबरीत सुटते. टोकाशी मात्र पदरांना धरून ठेवणारे पुढे कोणी नसते, म्हणून ते एकमेकांना सोडून देतात. तेथून सुरू झालेले उसवणे हळूहळू आत सरकत जाते. दोरी मध्येच तुटण्यापेक्षा टोकाकडून निकामी होण्याचे प्रमाण अधिक, असे दोरी वापरणारा कोणीही सांगेल.

यावर माणसाने काढलेले उपाय पाहिले म्हणजे गंमत वाटते. सर्वांत सोपा उपाय गाठीचा. परंतु गाठीने टोक जाड होते आणि ते बारीक भोकातून जात नाही. दुसरा उपाय बारीक दोऱ्याचे वेढे आवळण्याचा. त्यात दोऱ्याचे स्वतःचे टोक वेढ्यांखाली दाबून ओढून घेतात, म्हणजे त्यालाही गाठ लागत नाही. तिसरा उपाय म्हणजे पदर सोडवून ते पुन्हा दोरीतच उलटे गुंफणे. चौथा आपल्या घराघरांतला, गोंड्याचा. गोंडा आपण केवळ शोभेचा समजतो. वास्तविक गोंडा म्हणजे उसवणे मान्य करून त्याला घातलेली हद्द होय. गाठीपर्यंत दोरी, गाठीपुढे हवे तेवढे फुला! बटव्याच्या गोंड्यांना तर आणखी एक काम असते. बटव्याच्या दोन दोऱ्या दोन बाजूंनी ओढायच्या असतात, आणि गोंडा नसेल तर ओढलेल्या दोरीचे दुसरे टोक आत शिरून बसते. लेंग्याच्या किंवा परकराच्या नाडीला गोंडा नसतो, म्हणूनच ती ऐन वेळी नेफ्यात गडप होते आणि मग दात घासण्याच्या जुन्या ब्रशाच्या भोकात तिचे टोक अडकवून ती पुन्हा ओवावी लागते. त्या क्षणी तो ब्रश म्हणजे आपले अ‍ॅग्लेटच असतो.

शिंप्याने काढलेला मार्ग आणखी वेगळा. बाराबंदीला बारा बंद असतात. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज धरणाऱ्यांच्या अंगावर पांढरी बाराबंदी अजूनही दिसते. तिचे बंद म्हणजे दोरी नव्हेच. कापडाची चिंचोळी पट्टी दुमडून, टोक आत घालून शिवलेली. उसवण्यासारखे उघडे टोकच ठेवायचे नाही, हा तो मार्ग. पटवेकऱ्याचे काम याहून नाजूक. मंगळसूत्र किंवा ठुशी गाठवताना दोऱ्याची टोके अशी गुंडाळून दडवतात की मानेला ती टोचत नाहीत आणि ओढ बसली तरी सुटत नाहीत. नारायणगाव हे तमाशाचे मोठे केंद्र आहे. यात्रांच्या हंगामात फडांच्या राहुट्या तेथे लागतात. नाचणारीच्या पायांतील चाळाचा सगळा भार दोरीवर असतो. चाळात एकेक घुंगरू स्वतंत्र गाठीने बसवलेले असले तर दोरी एके ठिकाणी तुटली तरी सगळी घुंगरे रंगमंचावर सांडत नाहीत. येथे प्रत्येक गाठ म्हणजे पुढे येऊ शकणाऱ्या टोकाची आधीच केलेली तजवीज.

युरोपात धातूच्या टोप्यांचे दिवस पंधराव्या ते सतराव्या शतकात विशेष भरभराटीचे होते. तेथे त्या काळी पुरुषांच्या पोशाखाचा वरचा आणि खालचा भाग नाड्यांनी एकमेकांस बांधीत, आणि त्या नाड्यांना पितळेची, श्रीमंतांच्या बाबतीत चांदीची टोके असत. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअरच्या ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या नाटकात अ‍ॅग्लेटचा उल्लेख सापडेल. राज्यपालांच्या परिसहायक अधिकाऱ्याच्या खांद्यावरून जो सोनेरी गोफ लोंबतो त्याच्या टोकांना धातूच्या टोप्या असतात. त्या गोफाचे इंग्रजी नाव आणि अ‍ॅग्लेट हे एकाच मुळातले शब्द. तिकडे जपानात किमोनोला खिसे नसल्यामुळे डबी किंवा बटवा दोरीने कमरपट्ट्याला लटकवीत आणि दोरी निसटू नये म्हणून तिच्या वरच्या टोकाला लाकडाचा किंवा हस्तिदंताचा कोरीव तुकडा लावीत. त्याला नेत्सुके म्हणतात. आज ते तुकडे जगभरच्या संग्रहालयांत काचेआड बसले आहेत. दाव्याचे बिरडे आणि नेत्सुके यांचे काम एकाच तत्त्वावर चालते. पण बिरड्याला अद्याप कोणी काचेआड बसवलेले नाही.

नाडीच्या मोकळ्या टोकाने इजाही होते. मुष्टियुद्धाच्या नाडीच्या हातमोज्यांवर, गाठ मारून झाल्यावर, चिकटपट्टी गुंडाळतात. गाठ सुटू नये हे कारण तर आहेच, परंतु लोंबणारे टोक प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यात जाऊ नये हेही आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता गोठ्यात येऊ.

दाव्याच्या एका टोकाला फास म्हणजे न सरकणारा फेरा असतो आणि दुसऱ्या बाजूला बिरडे. हे बिरडे म्हणजे बाभळीसारख्या कठीण लाकडाची बोटभर कांडी. तिच्या मधोमध खाच असते आणि त्या खाचेत दोरी आवळलेली असते. कांडी दोरीला समांतर धरली की फासातून सहज पलीकडे जाते. पलीकडे गेली की सोडून द्यायची. जनावराने ओढ दिली की ती आडवी होते आणि फासावर अडून बसते. जितकी ओढ जास्त तितकी ती पक्की बसते. मात्र जनावर पाऊलभर पुढे घेऊन दावे सैल केले की तीच कांडी एका हाताने फिरवून काढता येते. गाठीचे असे नसते. दिवसभर ओढ बसलेली, त्यात पावसाने भिजलेली गाठ संध्याकाळी नखांनी सुटत नाही.

परंतु बिरड्याची खरी थोरवी सोडण्याच्या सोयीत नाही. ती मापात आहे. बिरडे अडकवले की जनावराच्या गळ्याभोवती ठरलेल्या मापाचा फेरा तयार होतो. हात सहज आत जाईल इतका सैल, डोके बाहेर निघणार नाही इतका लहान. ओढ बसली तरी तो फेरा आवळत नाही. घाईघाईत मारलेल्या सरकफासाचे नेमके उलटे असते. जनावर जितके मागे सरेल तितका तो आवळत जातो आणि घाबरलेले जनावर तर मागेच सरते. आपल्या जुन्नर-आंबेगावात या गोष्टीला निराळेच महत्त्व आहे. येथील ऊस वाढला तसा उसात बिबट्या राहू लागला. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर परिसर बिबट्याच्या हल्ल्यांमुळे सर्वत्र चर्चिला गेला आणि माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र आज सर्वांना ठाऊक आहे. बिबट्या गोठ्याजवळून नुसता फिरून गेला तरी बांधलेली गाय बिथरते, दाव्याला हिसके देते. सरकफासात अडकलेले वासरू अशा वेळी बिबट्याचा पंजा न लागताही मरू शकते. बिरड्याचे दावे त्याला निदान श्वास घेऊ देते.

बिरड्यालाही मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. जनावर पाय घसरून पडले आणि दावे ताणलेले राहिले तर बिरडे कोणाच्याही बापाला निघत नाही, कारण ते काढायला ढील लागते. तेव्हा दावे कापणे हाच उपाय. गोठ्याच्या मेढीला विळा खोचून ठेवण्याची पद्धत म्हणूनच शहाणपणाची आहे.

हे दावे वळीत कोण असे? गावगाड्यात दोर वळण्याचे काम मातंग समाजाकडे होते. घायपात कापून, कुजवून, झोडपून त्याचा वाख काढायचा. वाख, अंबाडी किंवा ताग वळून दावी, कासरे, नाडे, सोंदूर पुरवायचे आणि सुगीला बलुते घ्यायचे, असा तो व्यवहार. मोटेचा नाडा तुटला तर भरलेली मोट विहिरीत जाणार आणि ओढणारे बैल तोंडावर पडणार. म्हणजे बागायतीचा सारा भरवसा या माणसाच्या हातच्या पिळावर होता. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या पुस्तकात बलुतेदारीचा बारकाईने घेतलेला धांडोळा आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. मला मात्र एक गोष्ट सतत खटकते. आपल्याकडे भाद्रपदी पोळ्याला बैल धुऊन, रंगवून, नवी वेसण, नवी म्होरकी, नवे गोंडे घालून मिरवतात. त्या दिवशी बैलाच्या अंगावरची प्रत्येक दोरी ज्याने वळली, त्याला ज्या देवळासमोरून मिरवणूक जाई त्या देवळात प्रवेश नव्हता. दोरी चालत होती, तिला पीळ देणारा हात चालत नव्हता. पोळ्याचे रसभरीत वर्णन करणाऱ्या आपल्या ललित लेखकांच्या नजरेतून ही गोष्ट फार काळ निसटली.

आता मोट गेली, बैल कमी झाले. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२१ च्या डिसेंबरात त्या अटींसह पुन्हा सुरू झाल्या. काही दावणींना बैल राहिले ते या नादापायी. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात दोरखंडांची दुकाने अजून लागतात. पण वाखाच्या दोरीची जागा रंगीबेरंगी चकचकीत दोरीने घेतली आहे. आपण तिला सरसकट नायलॉन म्हणतो. नायलॉनचा शोध १९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत लागला. बाजारात स्वस्तात मिळणारी गुरांची दोरी मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्याच पदार्थाची असते. ती कुजत नाही, पाणी पीत नाही, वजनाला हलकी, किमतीला परवडणारी. तिला दोष देत बसण्यात अर्थ नाही. वाख कुजवताना होणारे हातांचे हाल ज्यांनी सोसले त्यांच्या मुलांनी ते काम सोडले, हे उत्तमच झाले.

प्रश्न येतो तो पुन्हा टोकाचाच. ही दोरी गुळगुळीत असल्यामुळे तिची साधी गाठ सरकते, म्हणून लोक गाठीवर गाठी मारतात आणि फेऱ्याचे माप हरवते. टोक उसवू नये म्हणून ते काडीने किंवा दिव्यावर जाळतात. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १७० अंश सेल्सिअसला वितळते आणि निवताना त्याचा टणक, खरखरीत मणी होतो. खुंट्याच्या बाजूला असा मणी असला तर बिघडत नाही. पण वेसणीचे टोक असे जाळून गाठ नाकाजवळ आली की तो मणी दिवसभर कातडीवर घासतो, जखम होते, जखमेवर माश्या बसतात. सुती वेसण नाकपुडीत मऊ पडते, ही पडत नाही.

यावर दोन साधे उपाय आहेत. टोक जाळल्यावर ते अगदी गरम असतानाच ओल्या जाड फडक्यात धरून फिरवावे, म्हणजे कडा गोल होतात. उघडे बोट मात्र लावू नये, वितळलेला पदार्थ कातडीला चिकटतो. किंवा जाळलेल्या टोकावरून सुती दोऱ्याचे पंधरा-वीस वेढे आवळून, दोऱ्याचे टोक त्याच वेढ्यांखाली ओढून घ्यावे. दुसऱ्या उपायाला थोडा अधिक वेळ लागतो, पण तो जास्त दिवस टिकतो. आणि गाठ नाकपुडीपासून दूर, शिंगांच्या मागे घ्यावी. दाव्याला बिरडे हवे असेल तर या नव्या दोरीलाही ते चालते. फक्त कांडीची खाच थोडी खोल करावी लागते, कारण वाखाची दोरी खाचेत स्वतःच रुतून बसे, ही निसटते.