मागचा बंपर किती भक्कम? चासीला विचारा

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर जिथे एसटी जात नसे, तिथे वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, जीप जायची. त्या जीपच्या मागच्या बंपरला जाड पट्टीची पायरी वेल्ड केलेली असे. आत जागा संपली की तिच्यावर माणसं उभी राहत. ते धोक्याचं होतं आणि बेकायदाही. पण बंपरने कोणतं ओझं पेलायचं आहे, हे गाडीवाल्याला आणि वेल्डरला पक्कं ठाऊक असे.

आज त्याच रस्त्यांवर थार, जिम्नी आणि गुरखा धावतात. कोल्हापूर ही लोखंडाची जाण असलेली नगरी. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप देशभरातल्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतात. जाड पत्रा कापून, वाकवून हवा तसा बंपर करून देणारे हात इथे सहज मिळतात. त्यामुळे गाडी घेतली की काही महिन्यांत कंपनीचा प्लास्टिकचा बंपर उतरवून लोखंडी चढवण्याची इच्छा होतेच. पत्रा किती जाड, रंग कोणता, यावर भरपूर चर्चा होते. बंपर चासीला कुठे आणि कसा बसणार, ही चर्चा मात्र राहून जाते. खरी ताकद तिथेच ठरते.

मागचा कोन

मागच्या बंपरचा पहिला हिशेब उताराचा असतो. ओढ्यातून गाडी वर काढताना पुढची चाकं काठावर चढतात, शेपूट खाली जातं आणि बंपर मातीत घुसतो. मागच्या चाकापासून बंपरच्या सर्वांत खालच्या टोकापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी जो कोन करते त्याला डिपार्चर अँगल म्हणतात. महिंद्राने २०२० मध्ये आणलेल्या थारचा हा कोन ३६.८ अंश आहे, फोर्स गुरखाचा ३७ अंश आणि २०२३ मध्ये आलेल्या पाच दारांच्या जिम्नीचा ५० अंश. चांगला लोखंडी बंपर कडेला वर उचललेला असतो. तो हा कोन राखतो किंवा वाढवतो.

वाईट बंपर नेमकं उलटं करतो. समजा, बंपरचं खालचं टोक चाक जिथे टेकतं तिथून ७० सेंटीमीटर मागे आहे आणि कोन ३७ अंश आहे. त्याच जागी दहा सेंटीमीटर खाली लोंबणारा टोचनचा हुक किंवा पायरी लावली, तर कोन ३१ अंशांच्या आसपास येतो. डांबरी रस्त्यावर हे जाणवत नाही. पावसाळ्यात पाणंदीतून बांधावर चढताना किंवा जांभ्याच्या सड्यावरून खाली उतरताना पहिला दणका त्या हुकालाच बसतो.

वजनाचा हिशेब

पोलादाचं वजन आधीच काढता येतं. एक चौरस मीटर पत्रा तीन मिलिमीटर जाडीचा असेल तर साडेतेवीस किलो भरतो, चार मिलिमीटरचा एकतीस किलोच्या वर आणि पाच मिलिमीटरचा एकोणचाळीस किलो. त्यात ब्रॅकेट, हुक, जॅकची जागा आणि स्टेपनी पेलणारा फिरता हात धरला की साठ किलो सहज होतात.

हे वजन मागच्या एक्सलच्याही मागे लटकतं, त्यामुळे त्याचा परिणाम काट्यावरच्या आकड्याहून मोठा असतो. थारच्या दोन एक्सलमधलं अंतर २,४५० मिलिमीटर आहे. साठ किलोचा बंपर मागच्या एक्सलपासून ७० सेंटीमीटर मागे असेल, तर मागच्या एक्सलवर सुमारे ७७ किलो भार वाढतो आणि पुढच्यावरून १७ किलो उचलला जातो. पुढे इतका भार कमी झाला की स्टिअरिंग हलकं लागतं आणि हेडलाइटचा झोत वर जातो. करूळ किंवा भुईबावडा घाटात रात्री समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो झोत पडतो. मागच्या स्प्रिंगाही खाली बसतात, म्हणजे पत्रा कडेला वर उचलून मिळवलेला कोन पुन्हा कमी होतो. म्हणून जड बंपर लावणाऱ्याने मागच्या स्प्रिंगांचा आणि हेडलाइटच्या पातळीचा विचार त्याच वेळी करावा.

स्टेपनीचा प्रश्न वेगळा आहे. या तिन्ही गाड्यांत ती मागच्या दारावर असते. कंपनीच्या मापाचं चाक दाराच्या बिजागऱ्या पेलतात. मोठं, जड टायर घेतलं की खडबडीत रस्त्यावर दार हलू लागतं, आवाज करतं. अशा वेळी चाक दारावरून काढून बंपरवरच्या फिरत्या हातावर न्यायला अर्थ आहे. तो हात बेअरिंगवर फिरणारा हवा आणि बंद झाल्यावर कुलपात घट्ट दाबून बसणारा हवा. टायर कंपनीच्याच मापाचं असेल तर हा खर्च आणि हे वजन दोन्ही अनाठायी.

टोचनची जागा

मागच्या बंपरला सर्वांत मोठी परीक्षा चिखलात द्यावी लागते. थारसारखी पावणेदोन टनांच्या आसपासची गाडी एक्सलपर्यंत रुतली, तर ती बाहेर काढायला तिच्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्त ओढ लागू शकते. लवचिक पट्ट्याने झटका देऊन ओढताना हा जोर आणखी वाढतो. तो जोर पत्र्याला पेलवत नाही. चासीपर्यंत पोचणाऱ्या जाड ब्रॅकेटलाच तो पेलवतो. शॅकल, म्हणजे पट्टा जोडायची लोखंडी कडी, अडकवायचा कान बंपरच्या पत्र्याला फक्त वरून वेल्ड केलेला असेल, तर तो दिसायला हुक आणि कामाला धोका आहे. कान पत्र्यातून आरपार जाऊन मागच्या ब्रॅकेटला जोडलेला हवा. पाऊण इंची बो-शॅकलवर साधारणपणे ४.७५ टन ही भारक्षमता कोरलेली असते. काहीच कोरलेलं नसेल तर ते शॅकल वापरू नये.

ट्रेलर जोडायच्या गोल बॉलला पट्टा अडकवून रुतलेली गाडी ओढू नये. असा बॉल तुटून गोळीसारखा उडतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत माणसं मेली आहेत.

चढवताना

थार, जिम्नी आणि गुरखा या तिन्ही गाड्यांना शिडीसारखी स्वतंत्र चासी आहे. बॉडी तिच्यावर रबरी गाद्यांवर बसते. म्हणून बंपर चासीला घट्ट आणि बॉडीपासून थोडा मोकळा हवा. दोघांमध्ये बोटभर फट ठेवली नाही तर चासी पिळवटते तेव्हा बंपरची कड टेल लाइटवर किंवा पत्र्यावर घासते. स्वतंत्र चासी नसलेल्या, बॉडीच सांगाडा असलेल्या शहरी एसयूव्हींना असा जड बंपर लावूच नये. त्यांच्या मागच्या पत्र्यांची घडण धडकेत ठरल्याप्रमाणे चेपण्यासाठी असते.

काम सुरू करताना गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना ओट लावावी, बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. नंबर प्लेटचा दिवा, रिव्हर्स सेन्सर आणि कॅमेरा यांच्या जोडण्यांचे फोटो काढून मगच त्या सोडाव्यात. जुना बंपर आणि त्यामागची पट्टी उतरवली की चासीचं टोक उघडं पडतं. तिथला गंज घासून, रंग देऊन मग पुढे जावं. ही संधी पुन्हा लवकर येत नाही.

नवा बंपर चासीवरच्या कंपनीच्याच भोकांवर बसला पाहिजे. भोकं जुळत नाहीत म्हणून गॅस कटरने चासी जाळणं किंवा ब्रॅकेट थेट चासीला वेल्ड करणं, या दोन्ही गोष्टींना ठाम नकार द्यावा. उष्णतेने पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि तडा नेमका वेल्डिंगच्या कडेने जातो. चासी पोकळ पेटीसारखी असते. तिच्यातून आरपार बोल्ट घालायचाच असेल तर आत नळीचा तुकडा हवा, नाहीतर बोल्ट आवळताना भिंती आत दबतात. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे घ्यावेत. हा आकडा डोक्यावर कोरलेला असतो. आधी सगळे बोल्ट हाताने धरून बंपर मध्यावर आणावा, दोन्ही बाजूंची फट मोजावी, मग टॉर्क पान्याने आवळावं. आठ-दहा दिवस गाडी चालली की पुन्हा पाना फिरवावा. नव्या रंगाचा थर दबला की बोल्ट सैल पडतात.

भारतात जुलै २०१९ पासून प्रवासी गाड्यांना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत. लोखंडाआड ते आंधळे होतात. म्हणून बंपरला योग्य मापाची भोकं आणि त्यांत रबरी कड हवी. गगनबावड्याला पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, तेव्हा बंपरच्या पोटात चिखल साचणार हे धरूनच खाली पाणी निघायला भोकं ठेवावीत. पावडर कोटिंगपूर्वी वाळूचा मारा करून झिंक प्रायमर दिला नसेल, तर दोन पावसाळ्यांत कोटिंगखालून गंज वर येतो.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेला धक्का देणारे बदल मान्य नसल्याचं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं. न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. नंबर प्लेट, तिचा दिवा, टेल लाइट आणि लाल रिफ्लेक्टर यांपैकी काहीही झाकलं जाता कामा नये. ऊस हंगामात कमी उजेडाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यावर आपली गाडी मागून नीट दिसणं हा जिवाचा प्रश्न आहे.

पन्हाळा, आंबा घाट, दाजीपूर एवढ्यापुरती गाडी फिरणार असेल, तर कंपनीचा बंपर राहू द्यावा आणि चासीला बसणारा एक प्रमाणित टोचन हुक घ्यावा. पैसे, वजन आणि आरटीओचा त्रास तिन्ही वाचतात. गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत किंवा रोजच्या शेतीकामात जे गाडी खरोखर राबवतात, त्यांनीच पूर्ण लोखंडी बंपरचा विचार करावा. त्यांनी फॅब्रिकेटरला तीन गोष्टी लेखी मागाव्यात: बंपरचं एकूण वजन, पत्र्याची आणि ब्रॅकेटची जाडी, आणि चासीच्या कोणत्या भोकांवर तो बसणार याचं रेखाचित्र. उद्यमनगरातला जाणता कारागीर ही माहिती आनंदाने देईल. जो देणार नाही, त्याच्याकडे गाडी सोडू नका.