घरबसल्या काम : पैसा कोणाकडून कोणाकडे जातो ते पाहा

"घरबसल्या दरमहा तीस हजार कमवा. शिक्षणाची अट नाही. महिलांना प्राधान्य." मोबाईलवर अशी जाहिरात दिसली की गरजू बाईचे बोट तिथे थबकतेच. त्यात तिचे काही चुकत नाही. लहान मूल, अंथरुणाला खिळलेली सासू, नळाच्या पाण्याची अवेळ, यामुळे तिला बाहेर कामाला जाता येत नाही. शाळेची फी मात्र भरावीच लागते. ही गरज ओळखूनच ठग जाळे टाकतात. म्हणून घरून करायचे खरे काम कसे ओळखावे, याविषयी आज आम्ही आमच्या वाचक भगिनींशी बोलणार आहोत.

खऱ्या कामाची रीत

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात महिलांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातूनच लिज्जत पापडाचा गृहउद्योग उभा राहिला. तिथली पद्धत साधी आहे. शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटून वाळवायचे, परत नेऊन द्यायचे आणि वजनाप्रमाणे मजुरी घ्यायची. सोलापूर आणि सिन्नरच्या विडी कामगार भगिनींचेही असेच. पाने आणि तंबाखू कारखान्याकडून मिळते, वळलेल्या विड्या मोजून द्यायच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यायची. विडी कामगारांसाठी १९६६ साली झालेल्या कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. काज-बटण, मणी ओवणे, खडे चिकटवणे ही वस्तीतली कामेही याच रीतीची.

या सर्व कामांत माल डोळ्यांसमोर असतो, मोजदाद आपल्यासमोर होते आणि काम देणाऱ्याचा ठिकाणा ठाऊक असतो. पैसा त्याच्याकडून आपल्याकडे येतो. चौथी खूण मात्र कडू आहे. अशा कामाची मजुरी फार थोडी असते. दिवसभर मान मोडून काम केले तरी हातात पडणारे पैसे बोटांवर मोजता येतात. हा अन्यायच आहे, आणि त्याविरुद्ध संघटितपणे बोलले पाहिजे. पण म्हणूनच बिनकष्टाचे तीस हजार देणारा कोणी भेटला, तर आधी सावध व्हावे.

फसवणुकीच्या तऱ्हा

पहिली तऱ्हा पेन्सिल भरण्याची. एखाद्या नामांकित कंपनीचे नाव घेऊन सांगतात, पेन्सिली घरी येतील, तुम्ही फक्त डब्यांत भरा. आधी ओळखपत्राचे पैसे, मग गाडीभाडे, मग परत मिळणारी अनामत. पेन्सिली कधीच येत नाहीत. इथे साधा हिशेब करावा. समजा दहा पेन्सिलींची डबी दुकानात पन्नास रुपयांना मिळते. त्यात लाकूड, शिसे, कारखाना, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा आला. मग नुसती डबी भरणाऱ्याला महिना तीस हजार कोण देईल?

दुसरी तऱ्हा टायपिंगची. मोबाईलवर करारनामा पाठवतात आणि चार-पाच दिवसांत शेकडो अर्ज भरायला लावतात. मग "तुमच्या चुका जास्त झाल्या, करार मोडला, दंड भरा" म्हणून वकिलाच्या नावाने धमकावतात. भगिनींनो, करार मोडणे हा दिवाणी मामला आहे. त्यासाठी पोलीस अटक करीत नाहीत. शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार फसवून घेतलेला करार फसलेल्या माणसाला रद्द करता येतो. घाबरून एक रुपयाही भरू नये.

तिसरी तऱ्हा 'टास्क'ची. व्हिडिओला पसंती द्या, हॉटेलला चांगला शेरा द्या. सुरुवातीला शे-दीडशे रुपये खरोखरच खात्यात येतात. हेच आमिष. पुढे "हजार भरा, तेराशे घ्या" सुरू होते. मोबाईलवर आपल्या नावावर मोठी रक्कम दिसते, पण काढायला गेले की आधी कर भरा म्हणतात.

चौथी तऱ्हा बचत गटांना गाठते. "अगरबत्तीचे किंवा द्रोण-पत्रावळीचे मशीन घ्या, माल आम्हीच विकत घेऊ." मशीन बाजारभावापेक्षा कितीतरी महाग लावतात. पहिला माल घेतात, दुसऱ्या खेपेला तो कमी प्रतीचा ठरवतात आणि पुढे कार्यालयाला कुलूप दिसते. कर्जाचे हप्ते मात्र गटातल्या बायांच्या माथी राहतात. म्हणून मशीन घेण्याआधी तसाच माल आपल्या बाजारात कोण घेतो आणि काय भावाने घेतो, हे स्वतः विचारून यावे.

निरोप आपल्याच माणसाचा असला तरी

असा निरोप पुष्कळदा अनोळखी माणसाकडून येतच नाही. तो वस्तीच्या किंवा समाजाच्या गटावर येतो, जयभीम घालून येतो. पाठवणारी मावशी किंवा दादा लबाड नसतात. त्यांनाही कोणीतरी पाठवलेला असतो. म्हणून पुढे पाठवण्याआधी एकच विचारावे : ताई, तुम्ही स्वतः हे काम केले का, आणि काही न भरता मजुरी हातात पडली का? "आणखी दोघींना जोडा म्हणजे कमिशन" असे कोणी म्हणाले, तर तिथेच थांबावे. अशा साखळी योजनांना १९७८ च्या कायद्याने बंदी आहे.

कमिशनसाठी आपले बँक खाते दुसऱ्याला वापरायला तर कधीच देऊ नये. चोरीचा पैसा त्यातून फिरला, तर खाते गोठते आणि पोलिसांची चौकशी आपल्या दारी येते.

पैसे गेलेच तर

लाजेने गप्प राहू नये, आणि घरच्यांनीही तिला बोल लावू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेला कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली, तर ते अडवता येण्याची शक्यता असते. आलेले संदेश पुसू नयेत. व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवून पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. "फी भरा, बुडालेले पैसे मिळवून देतो" असे सांगणाराही ठगच असतो.

मजुरी म्हणजे श्रमाचा मोबदला. काम मागणाऱ्याकडूनच जो पैसे मागतो, त्याच्याकडे द्यायला काम नसते. शेजारणीला एवढे एक वाक्य सांगितले, तरी तिची महिन्याची शिल्लक वाचेल.